कागद, मालक, फोन

३ मार्च, सोमवार

मशीन शिकवायला आलेल्या बाई जाताना म्हणाल्या, "काका, रोज काय केलंत ते लिहून ठेवा, नाहीतर आठ दिवसांत सगळं विसराल." बत्तीस वर्षं किल्ल्या करतोय. दुकानातल्या नोंदवहीपलीकडे एक ओळ लिहिली नाही. आता या वयात पाटी-पेन्सिल! पण बाई खरं बोलल्या. सकाळी शिकवलेलं दुपारी आठवेना.

तर लिहितो. जुन्या गाडीची किल्ली नुसती लोखंडाची. कोरं पातं घ्यायचं, मशीनवर दाते पाडायचे, कानस मारायची, झालं. नंतरच्या गाड्यांच्या किल्लीच्या डोक्यात चिप आली. दाते तंतोतंत जुळले तरी चिप ओळखीची नसेल तर गाडी ढिम्म हलत नाही, डॅशबोर्डवर किल्लीचा लाल दिवा लुकलुकत राहतो. त्यातच रिमोटवाली आणि चाकूसारखी दुमडणारी आल्या. सगळ्यात नवी ती बटणाची, नुसती खिशात ठेवायची. अशा गाड्या आजवर मी हात जोडून परत पाठवत होतो.

जावईबापूंना ते बघवलं नाही. गेल्या महिन्यात स्वतः मशीन आणून टेबलावर ठेवलं. "बाबा, नकाराने गिऱ्हाईक तुटतं." आजकाल कोण करतं सासऱ्यासाठी एवढं?

५ मार्च, बुधवार

पहिली चिपची किल्ली केली! दोनदा चुकली, तिसऱ्यांदा लाल दिवा विझला आणि गाडी सुरू झाली. मी एवढ्या जोरात "अरे वा!" म्हणालो की शेजारचा पंक्चरवाला पाना टाकून धावत आला. त्याला वाटलं शॉक लागला.

लेकीला आल्याआल्या सांगितलं. ती माहेरी येऊन आता अकरा दिवस झाले. थकवा आलाय, जरा विश्रांती घेते म्हणते. विश्रांती कसली, रोज आठला गाडी काढून कामावर जाते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरोघर जाऊन व्यायाम देणं हे तिचं काम. एका दिवसात शहराची दोन टोकं. गाडी नसेल तर कामच नाही.

गाडी ती दुकानामागच्या बोळात लावते, तीही उलटी, तोंड रस्त्याकडे. म्हटलं, "सरळ लाव की, काय आग विझवायला जायचंय?" हसली नाही.

६ मार्च, गुरुवार

जावईबापूंचा फोन. रोज करतात. तिला नाही, मला. तिची तब्येत, जेवण, कुठे कुठे जाते, सगळी चौकशी. मी सांगितलं की मंगळवार-शुक्रवार रिटायर्ड हेडमास्तरांकडे, बाकीचे दिवस नदीपलीकडे. "तिला सांगू नका हं बाबा, मी विचारलं म्हणून. उगाच चिडेल." केवढी काळजी! ही ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलं नाही तरी तुम्ही सांगता." बायकोला माझं काही पटलंय असं एक वर्ष दाखवा.

१० मार्च, सोमवार

आज फार बरं वाटलं. लेक दुकानात येऊन बसली आणि चक्क माझ्या कामात रस घेतला. लहानपणी कोऱ्या किल्ल्यांची आगगाडी करायची, त्यानंतर आजच.

"बाबा, किल्ली हरवली तर गाडीला ती विसरायला लावता येते?"

म्हटलं, येते म्हणजे काय! गाडीच्या डोक्यात ओळखीच्या चिपांची यादी असते. आपण सगळी यादी पुसायची आणि हातात असतील तेवढ्याच किल्ल्या पुन्हा शिकवायच्या. जी समोर नाही ती गेली.

"म्हणजे ती दुसरी किल्ली आपल्याकडे नसली तरी चालतं?"

"तेच तर! हरवलेली कुठून आणणार?"

तिचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, शेवटी रक्त बोलतं. मग तिने विचारलं, "आणि पुसलेल्या किल्लीने दार उघडतं?"

"दार उघडतं. दाराला चिप कळत नाही, दाते कळतात. पण गाडी सुरू होणार नाही. चोराला काय उपयोग? चोर काय नुसता बसायला येतो?"

मी हसलो. ती उठून आत गेली. चहा न पिताच.

११ मार्च, मंगळवार

कन्यारत्न वेंधळं झालंय. संध्याकाळी गाडीपाशी उभी होती, हातात चहाचा कागदी कप. अर्धा भरलेला. म्हणाली, हेडमास्तरांकडून बाहेर आले तर गाडीत हा होता. मी हात लावून पाहिला, कोमट होता.

"तूच ठेवला असशील."

"मी चहात साखर घेत नाही बाबा. हा गोड आहे."

आता कपात बोट घालून साखर कोण बघतं? म्हटलं, दार उघडं टाकत जाऊ नकोस, कुणीतरी टवाळाने ठेवला असेल. ती म्हणाली, "लॉक होतं." मग मात्र मला राग आला. लॉक असताना कप काय उडत आत गेला? किल्लीवाल्याची पोर आणि दार लावायची अक्कल नाही. दिव्याखाली अंधार!

१४ मार्च, शुक्रवार

आज दोन चिपच्या, एक दुमडणारी. बटणाच्या गाडीने घाम फोडला. मशीन "थांबा" म्हणतं आणि बारा मिनिटं नुसतं बघत बसतं. गाडीच तसं करायला लावते, चोराला घाई असते म्हणून. या बारा मिनिटांत मी तीन वेळा उठलो. बसवतच नाही. हल्ली घरीही तसंच होतंय. ही खिडकीशी, लेक दाराशी, मी मधे येरझाऱ्या घालतो. 

गाडीची सीट मागे सरकलेली होती. मीच पाहिली, पुसायला गेलो तेव्हा. लेक माझ्यासारखी बुटकी, तिची सीट पार पुढे असते. आरसाही वर केलेला. विचारलं तर म्हणाली, "माहीत आहे." माहीत आहे तर नीट करावी ना.

१८ मार्च, मंगळवार

पंक्चरवाला म्हणाला, "काय काका, जावयाशी वाकडं का? काल तुम्ही बँकेत गेला होता तेव्हा येऊन मागच्या गाडीत बसले होते. चांगले अर्धा तास. मी चहा विचारला तर म्हणाले, घेऊनच आलोय."

काल लेकीला सुट्टी, गाडी बोळातच होती. मला वाईट वाटलं. सासऱ्याच्या दारापर्यंत येऊन न भेटता गेले. आपलंच काही चुकलं असणार. रात्री फोनवर विचारलं तर म्हणाले, "सहज आलो होतो बाबा. तिची आठवण आली, म्हणून तिच्या गाडीत बसलो जरा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संसारात भांड्याला भांडं लागायचंच, पण माणूस मनाने चांगला आहे.

हिला सांगितलं. हिने हातातलं लाटणं ठेवलं आणि म्हणाली, "एकदा लेकीला विचारा की ती आपल्या खोलीची खिडकी का लावून घेते."

विचारीन म्हटलं. राहिलंच.

२० मार्च, गुरुवार

लेकीने आज सरळ सांगितलं. "बाबा, माझ्या गाडीतून त्यांची किल्ली पुसून टाका."

मी चकितच झालो. म्हटलं, हरवली का? नाही. चोरीला गेली? नाही. मग कशी पुसू? भिंतीवरची पाटी तिनेच दहावीत असताना रंगवलेली आहे, कागद, मालक, फोन. गाडीचे कागद बघायचे, मालक कोण ते बघायचं, त्याला फोन करायचा. मगच किल्ली.

हा नियम उगाच नाही. बारा वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, जिभेवर साखर. किल्ली हरवली म्हणाले. मी करून दिली. गाडी त्यांची नव्हती. तीन दिवस चौकीच्या बाकावर बसलो, गुन्हेगारासारखा. तेव्हापासून प्रत्यक्ष सख्खा भाऊ आला तरी कागद, मालक, फोन.

म्हटलं, जावईबापूंच्या गाडीची किल्ली त्यांना न विचारता पुसली तर उद्या मी काय तोंड दाखवू? आणि मशीनही त्यांचंच.

"त्यांची गाडी?" एवढंच म्हणाली.

दुकानात ही गाडी पहिल्यांदा कुलपाच्या कामाला आली तेव्हा चालवत तेच आले होते. नोंदवहीत मालक म्हणून मी त्यांचंच नाव लिहिलंय.

२१ मार्च, शुक्रवार

मी नियमाप्रमाणे वागलो. दुपारी जावईबापूंना फोन केला. म्हटलं, लेक असं असं म्हणतेय, बालबुद्धी आहे, मनावर घेऊ नका. एकदा तुमची किल्ली घेऊन दुकानात या. दोन्ही किल्ल्या समोर ठेवून मिटवून टाकू.  ते म्हणाले, "बरं झालं बाबा, सांगितलंत." अगदी शांत.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. मला वाटलं होतं, सुटकेचा श्वास टाकेल. ती जमिनीवरच बसली.

"तुम्ही त्यांना फोन केलात?"

"नियम आहे."

"ते गाडीत येऊन बसतात, बाबा. काही नेत नाहीत, मोडत नाहीत. मी आत पेशंटला हात वर करायला सांगत असते तेव्हा ते बाहेर माझ्या सीटवर बसलेले असतात. मी यायच्या आधी निघून जातात. कप ठेवतात, मला कळावं म्हणून. तिथेही असंच होतं. बाथरूमची कडी काढून टाकली होती. माझ्या कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. मारलं नाही कधी. म्हणून कुणाला सांगायचं तर काय सांगू?" मग म्हणाली, "मी कुठल्या दिवशी कुठे असते, हे त्यांना कोण सांगतं ते मला कळत नव्हतं."

मी हिच्याकडे पाहिलं. ही माझ्याकडे बघत नव्हती.

२२ मार्च, शनिवार

दुकान उघडलं. तीन किल्ल्या बिघडवल्या. साधी लोखंडाचीसुद्धा.

स्वतःशीच भांडतोय. नवरा आहे, चोर नाही. चोर गाडी नेतो, हा नुसता बसतो. यासाठी संसार मोडायचा? मग वाटतं, माझ्या दुकानात कुणी रोज माझ्यामागे येऊन माझ्या खुर्चीत बसून गेलं, कानस इकडची तिकडे करून गेलं, तर मी आठ दिवसांत वेडा होईन. पण ते जावई आहेत. आपलेच दात, आपलेच ओठ.

आणि त्या म्हाताऱ्यांची घरं मी सांगितली. मी. फोनवर. मंगळवार-शुक्रवारसकट.

त्यांचा फोन आला. मी घेतला नाही. पहिल्यांदाच.

२३ मार्च, रविवार

लेक म्हणाली, उद्यापासून काम बंद करते. गाडी इथेच उभी राहू दे. मी म्हटलं, असं नको. ती म्हणाली, "मग कसं?"  मशीन टेबलावर होतं. करू का म्हटलं तर हात उठेना. नियम मोडायची भीती की त्यांची, देव जाणे. शेवटी एवढंच म्हणालो, "मंगळवारी मी तुला हेडमास्तरांकडे सोडायला येतो, आणायलाही येतो." ती बरं म्हणाली. तिला त्याचा काही उपयोग वाटला नसावा.

२५ मार्च, मंगळवार

सगळं नीट लिहायचं आहे. 

सकाळी तिच्याबरोबर गेलो, तिला आत सोडलं, गाडी हेडमास्तरांच्या फाटकाशी तिने कुलूप लावून ठेवली. मी पायी दुकानात आलो. अकराच्या सुमाराला बाहेर हॉर्न. तिचीच गाडी. आतून जावईबापू उतरले. इस्त्रीचा शर्ट.

"तुम्ही म्हणालात ना किल्ली घेऊन या. गाडीच घेऊन आलो." किल्ली माझ्या हातावर ठेवली. "तिची किल्ली पुसून टाका बाबा. तिला गाडी झेपत नाही हल्ली. सीट कुठे असते, दार लावलं की नाही, काही आठवत नाही. तुम्हीच म्हणालात ना मागे?"

म्हणालो होतो. माझेच शब्द.

मशीन हातात घेतलं. सवयीने तोंडातून निघालं, "कागद?"

ते हसले. "आपल्यात कागद?"

"पाटी आहे," मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. बारा वर्षांचा पाठ, जीभ आपोआप चालली.

त्यांनी गाडीतला खण उघडून कागद माझ्यापुढे टाकला. चष्मा लावला. मालकाच्या रकान्यात लेकीचं नाव, मधे माझं नाव, शेवटी आमचं आडनाव. तारीख लग्नाच्या आधीच्या वर्षाची. तिने पहिल्या नोकरीत पोटाला चिमटा काढून घेतलेली गाडी. मला तेव्हा दाखवायलाही आणली असेल, मी दुकानात असेन. आणि तीन वर्षं मी नोंदवहीत दुसऱ्याच माणसाचं नाव लिहून बसलो होतो. जगभराचे कागद तपासले, घरचा एक तपासला नाही.

"मालकाला फोन करावा लागेल," मी म्हणालो, आणि केला. त्यांच्यासमोर, स्पीकरवर.

"नमस्कार. किल्लीवाला बोलतोय. आपली गाडी दुकानात आली आहे. आणणारे गृहस्थ आपली किल्ली पुसायला सांगताहेत. मालक आपण आहात. काय करू?"

 फोनमध्ये मागे हेडमास्तर व्यायामाचे आकडे मोजत होते, सहा, सात.

"बाबा, ते तिथे आहेत?"

"समोर उभे आहेत."

आठ, नऊ, दहा.

"दोन्ही पुसा. नवी करा."

"आणि दार?" तिने विचारायच्या आत मीच विचारलं, मीच उत्तर दिलं. "दार मी बघतो."

त्यांच्या किल्लीवरून नवं पातं कापलं, नव्या चिपच्या डोक्यात बसवलं, मशीनची पिन स्टीअरिंगखाली लावली. मशीन म्हणालं, थांबा. बारा मिनिटं. ते माझ्या डोक्यावर उभे. आधी गोड बोलले, मग घराण्याची अब्रू मधे आणली, मग म्हणाले तिचं डोकं ठिकाणावर नाही, मग म्हणाले, "मशीन मी दिलंय, विसरू नका." मी आकडे बघत राहिलो.  पंक्चरवाला पाना घेऊन दारात येऊन उभा राहिला. आज धावत आला नाही. नुसता उभा.

लाल दिवा विझला. नव्या किल्लीने गाडी सुरू करून बंद केली.

त्यांची किल्ली त्यांना परत दिली. त्यांनी हिसकावून गाडीत घातली, फिरवली. दिवा लुकलुकला. पुन्हा फिरवली. मग मी मशीन पुसलं, वायरी गुंडाळल्या, खोक्यात घातलं, शिकवणाऱ्या बाईंचं पुस्तकही वर ठेवलं आणि खोकं त्यांच्या हातात दिलं. "हेही न्या." ते खोकं घेऊन रस्त्याने पायी निघाले. जड आहे ते. मला माहीत आहे.

मग दाराला हात घातला. पट्टी काढली, कुलपाचं नळकांडं बाहेर काढलं. आतल्या पितळी पत्त्या काढून दुसऱ्या क्रमाने लावल्या. चारही दारांचं एक आणि स्टीअरिंगचं एक. इथे मशीन लागत नाही. चिमटा, कानस आणि डोळे. पातं पुन्हा नवं कापलं, हाताने घासलं. पाच वाजले. तेव्हा कुठे हात थांबले.

मग तिला आणायला गेलो, तोवर ती हेडमास्तरांकडेच थांबली होती. गाडी मीच चालवत.  तिने आपली जुनी किल्ली काढून दारात घातली. फिरली नाही. पुन्हा घातली. तिसऱ्यांदाही. मग भर रस्त्यात रडली. मीही रडलो. "चुकलो बाळा," म्हणालो. हेडमास्तर खिडकीतून बघत होते, बघू देत.

२६ मार्च, बुधवार

सकाळपासून दोन चिपच्या गाड्या परत पाठवल्या. हात जोडून, पूर्वीसारखं. हिने विचारलं, "वाईट वाटतंय?" म्हटलं, वाटतंय. खोटं बोलत नाही.

लेकीला घेऊन वकिलीणबाईंकडे गेलो. तिने सगळं सांगितलं, मी बाहेर बाकावर बसलो. या बाकावर बसायला मला लाज वाटली नाही.

फोन दोनदा वाजला. मी उचलून एकच सांगितलं, "तिला काही विचारायचं असेल तर वकिलीणबाईंना विचारा. मी किल्लीवाला, मला गिऱ्हाइकांचं बाहेर सांगायची परवानगी नाही." ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता कसं बोललात!" बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

नोंदवही काढली. तीन वर्षांपूर्वीची नोंद शोधली. मालकाच्या रकान्यातलं नाव खोडून लेकीचं नाव लिहिलं, पूर्ण. खाली आजची तारीख आणि माझी सही.

२८ मार्च, शुक्रवार

लेक एकटीच गेली. मी येतो म्हटलं तर नको म्हणाली. दिवसभर बोळाकडे तोंड करून बसलो, दोन किल्ल्या वाकड्या झाल्या. सहाला आली, गाडी सरळ लावली, तोंड भिंतीकडे. ती आत गेल्यावर मी हळूच जाऊन काचेतून पाहिलं. सीट पार पुढे होती, तिने सोडली तिथेच.